ब्रेक लाइट बदलला, आणि तिन्ही ब्रेक लाइट खोटं बोलू लागले

पार्श्वभूमी

गाडी अकरा वर्षांची, हातगियरची, पाच दारांची साधी हॅचबॅक. मालकीणबाई पन्नाशीच्या, हिशेबाच्या कामातल्या. मी त्यांना ताई म्हणतो, म्हणून इथेही ताईच. नाव, ठिकाण आणि गाडीचं मॉडेल त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आहे. बाकी सगळं घडलं तसं आहे.

ताईंच्या एका सवयीमुळे हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहिता येतंय. गाडीच्या कप्प्यात त्यांची एक वही असते. टायरमध्ये हवा कधी भरली, ऑइल कधी बदललं, आवाज कुठून येतो, सगळं तारखेनिशी टिपलेलं. पुढे जे घडलं त्याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा या वहीत दुसऱ्याच दिवशी लिहिला गेला होता. तो पुरावा आहे हे मात्र कुणालाच कळलं नाही.

आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. आठ-नऊ महिन्यांपूर्वी गाडी मागे घेताना डावा टेललॅम्प खांबाला घासला होता. लाल काचेचा, म्हणजे खरं तर प्लास्टिकच्या भिंगाचा, खालचा कोपरा तडकला. ताईंनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि विषय तिथेच संपला.

अडचण

एका संध्याकाळी सिग्नलला शेजारी थांबलेल्या दुचाकीस्वाराने सांगितलं, "ताई, मागचा डावा ब्रेक लाइट लागत नाही." घरी आल्यावर ताईंनी गाडी उलटी करून भिंतीजवळ लावली आणि आरशात बघत ब्रेक दाबला. भिंतीवर उजवीकडे लाल उजेड पडला, मधल्या वरच्या दिव्याचा पडला, डावीकडे अंधार. पार्किंग लाइट लावले तर डावीकडेही मंद लाल दिसत होता.

एकट्याने करायची ही तपासणी उत्तम होती, आणि तिच्यातून बरंच काही कळलं. तिन्ही ब्रेक लाइट बंद असते, तर संशय फ्यूजवर किंवा पेडलजवळच्या स्विचवर गेला असता. एकच बंद म्हणजे दोष त्या कोपऱ्यातच: बल्ब, होल्डर किंवा तिथली अर्थिंग, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून परत जाण्याची जोडणी. त्यातही पार्किंगचा दिवा नीट लागत होता, म्हणजे अर्थिंगवरचा संशय कमी झाला. अर्थिंग सुटली की सहसा दोन्ही कामं बिघडतात आणि वीज भलत्याच वाटेने परतायला बघते. मग ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणण्यासारखे चमत्कार दिसतात. इथे तसं काही नव्हतं. बल्बच गेलाय, हा ताईंचा अंदाज बरोबर होता.

समोरचे पर्याय

ताईंनी वहीत तीन पर्याय लिहिले होते. गॅरेजला देणं, स्वतः बल्ब बदलणं, किंवा दोन्ही बाजूंना एलईडी बल्ब घालणं.

एलईडीचा आग्रह मुलाचा होता, आणि त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद जास्त लागतात; एलईडी जवळपास लगेच पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. पण टेललॅम्पचं भिंग आणि त्यामागचा आरसा हे तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब करून घडवलेले असतात. साध्या बल्बच्या होल्डरमध्ये एलईडी खुपसला की उजेड कुठे आणि किती पडेल याचा भरवसा राहत नाही, आणि अनेक ठिकाणी तो नियमातही बसत नाही. ताईंनी तो पर्याय खोडला. मीही खोडला असता.

गॅरेज की घर? पुढचं सगळं माहीत असूनही मी घरच म्हणेन. दोन स्क्रू आणि एक बल्ब एवढंच हे काम. बिघडलं ते घरी केल्यामुळे नाही.

पहिली दुरुस्ती

काम मुलाने केलं, वय एकोणीस. चावी काढली, दिवे बंद केले, डिकी उघडली. दाराच्या चौकटीच्या कडेला टेललॅम्पचे दोन स्क्रू असतात, ते काढले. यानंतर बरेच जण दिवा बाजूला ओढतात आणि आतल्या खुंट्या तोडून बसतात. बाहेरच्या कडेला या खुंट्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत दाबून बसवलेल्या असतात, म्हणून दिवा सरळ मागे ओढायचा. मुलाने तसाच ओढला, बंपरवर फडकं पसरून त्यावर ठेवला, होल्डर डावीकडे फिरवून बाहेर काढला, बल्ब दाबून फिरवला आणि काढला. जुन्या बल्बमधली एक तार तुटलेली स्पष्ट दिसत होती.

इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. नवा बल्ब मात्र आदल्या दिवशीच आणलेला होता. ताईंनी दुकानात "ब्रेक लाइटचा बल्ब" मागितला होता, जुना सोबत नेला नव्हता. दुकानदाराने १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब दिला. त्याला दोष देता येत नाही. कित्येक गाड्यांत ब्रेकचा बल्ब वेगळा आणि पार्किंगचा वेगळा असतो, तिथे हाच लागतो. ताईंच्या गाडीत एकाच बल्बमध्ये दोन तारा होत्या, २१ वॅटची ब्रेकसाठी आणि ५ वॅटची पार्किंगसाठी. पहिल्या जातीच्या बल्बवर पी२१डब्ल्यू असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर पी२१/५डब्ल्यू. काच सारखी, जाडी सारखी, हातात घेतल्यावर जुळे भाऊ वाटतात. फरक बुडाशी असतो. एका तारेच्या बल्बला खाली शिशाचा एकच ठिपका आणि बाजूच्या दोन खुंट्या एकाच उंचीवर. दोन तारांच्या बल्बला दोन ठिपके, आणि एक खुंटी वर तर एक खाली. खुंट्या वरखाली ठेवल्यात त्या नेमक्या चुकीचा बल्ब बसू नये म्हणूनच.

तो बसत नव्हताच. मुलाने जोर लावला. तिरका, पण बसला. ब्रेक दाबून पाहिला. लागला. उजवीकडच्याइतकाच लख्ख.

पहिला निर्णयबिंदू: "लागला" म्हणजे झालं?

माझ्या मते सगळं प्रकरण या मिनिटात आहे. जोर लावावा लागला ही पहिली सूचना होती, पण ती मी मुलाच्या पदरात फार टाकत नाही. अकरा वर्षांच्या होल्डरमध्ये योग्य बल्बसुद्धा कधी कधी अडतो. खरी चूक तपासणीची. दिवा लागायला हवा तेव्हा लागतो का, एवढंच त्यांनी पाहिलं. लागायला नको तेव्हा बंद राहतो का, हे पाहिलंच नाही. पार्किंग लाइट लावून एकदा मागे फेरी मारली असती तर गोष्ट त्याच संध्याकाळी आटोपली असती.

आत काय झालं होतं ते सांगतो. होल्डरच्या तळाशी दोन स्वतंत्र पितळी पट्ट्या असतात: एकीकडे ब्रेकची वीज येते, दुसरीकडे पार्किंगची. दोन ठिपक्यांचा बल्ब दोघींना वेगळं ठेवतो. एका ठिपक्याचा बल्ब तिरका बसला की त्याचा ठिपका दोन्ही पट्ट्यांवर टेकतो आणि गाडीचे दोन निराळे सर्किट त्या ठिपक्यातून एक होतात.

परिणाम दोन. दिवसा ब्रेक दाबला की ब्रेकची वीज पार्किंगच्या वायरीत शिरायची: पुढचे पार्किंग लाइट, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचा उजेड, सगळं पेटायचं. उन्हात ते कुणाला दिसणार? रात्री याच्या उलट. हेडलाइट लावले की पार्किंगची वीज ब्रेकच्या वायरीत, आणि तिन्ही ब्रेक लाइट पूर्ण तेजाने, अखंड. ब्रेक दाबा किंवा सोडा, मागून काहीच फरक नाही.

दुरुस्तीआधी तीनपैकी एक दिवा मुका होता. दुरुस्तीनंतर रात्रीपुरते तिन्ही खोटं बोलत होते. यातली पहिली स्थिती कितीतरी सुरक्षित होती.

वहीतली नोंद

दुसऱ्या दिवशीच्या पानावर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: "ब्रेक दाबला की रेडिओचा पडदा मंद होतो. बॅटरी तपासणे."

रेडिओला पार्किंग लाइटच्या सर्किटमधून एक वायर गेलेली असते. ती जिवंत झाली की रेडिओला वाटतं रात्र झाली, आणि तो डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडदा मंद करतो. म्हणजे ताईंच्या पायाखाली दर ब्रेकला रात्र होत होती! नोंद अचूक होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. मला यात ताईंची चूक वाटत नाही, कारण रेडिओ आणि ब्रेकचा बल्ब यांचा संबंध सहज सुचण्यासारखा नाही. तरी दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी गाडीत एखादी नवी विचित्र गोष्ट दिसली, तर संशय आधी दुरुस्तीवर घ्यावा, बॅटरीवर नंतर.

उघडकीस कसं आलं

सहाव्या रात्री योगायोगाने मी त्यांच्या गाडीमागे होतो. बराच वेळ ब्रेक लाइट पेटलेलेच. पुढे गाडी एकदम थांबली तेव्हा मला ते अंतरावरून कळलं, दिव्यावरून नाही. घराशी पोचल्यावर विचारलं, "ताई, तुम्ही सारखा ब्रेकवर पाय ठेवून चालवता का?"

"छे! उतारावरसुद्धा गियरवर ठेवते मी गाडी," ताई म्हणाल्या, जरा रागानेच.

त्यांना इतके दिवस दिसलं कसं नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर साधं आहे. आपले मागचे दिवे आपल्याला दिसतात ते गाडी मागे घेताना भिंतीवर पडलेल्या उजेडात, आणि तेव्हा पाय ब्रेकवरच असतो. लाल उजेड दिसला तर तो दिसायलाच हवा होता.

दिवा काढल्यावर

तासाभराच्या प्रवासाने दिवा चांगलाच तापलेला होता, म्हणून थोडं थांबून काढला. होल्डर बाहेर आला तोच जळक्या प्लास्टिकचा वास घेऊन. तळ तपकिरी पडला होता आणि पार्किंगची पितळी पट्टी मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये खोल रुतली होती. दुसऱ्या पट्टीवर हिरवट थर. तो मात्र जुना, तडकलेल्या कोपऱ्यातून आलेल्या ओलीचा.

ताईंनी गाडीच्या कप्प्यातून जुना बल्ब काढला. जपून ठेवला होता! दोन्ही बल्ब उलटे करून शेजारी धरले. एकाला दोन ठिपके, एकाला एक. मुलाने फक्त "अरेच्चा" म्हटलं.

"फ्यूज का नाही उडाला मग?" हा ताईंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या पार्किंगच्या पट्टीतून नेहमी ५ वॅटच्या तारेची वीज जाते, अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी. आता तिच्यातून डावा २१ वॅट, उजवा २१ वॅट आणि वरचा १६ वॅट असे ५८ वॅट जात होते. बारा व्होल्टने भागलं की पावणेपाच अँपिअरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या जवळपास बारा पट. पण दहा अँपिअरच्या फ्यूजला, आधीचा थोडा भार धरूनही, त्याचं काही वाटत नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो; होल्डरमधल्या नखाएवढ्या पट्टीची काळजी तो करत नाही. त्यात ब्रेकची तार मधूनमधून पेटावी असा हिशेब असताना ती तासन्‌तास बंद डब्यात जळत राहिली. प्लास्टिक मऊ पडलं नसतं तरच नवल.

दुसरा निर्णयबिंदू: घासून चालवायचं की बदलायचं

ही चूक माझी. रुतलेली पट्टी पातळ स्क्रू ड्रायव्हरने उचलली, दोन्ही पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या, योग्य २१/५ चा बल्ब घातला. सगळं नीट लागलं. "चालेल आता," मी म्हणालो.

तीन दिवस चाललं. मग डावा पार्किंग लाइट खड्ड्यात गाडी गेली की मिणमिणायला लागला, आणि शेवटी विझला. तापून एकदा मऊ झालेलं प्लास्टिक पट्टीला पुन्हा पूर्वीसारखं धरून ठेवत नाही, पितळेचा ताणही गेलेला असतो. पट्टी ठिपक्यावर सैल टेकली की तिथे विरोध वाढतो, विरोधाने उष्णता, उष्णतेने आणखी सैलपणा. होल्डर तपकिरी दिसला त्याच वेळी तो कचऱ्यात जायला हवा होता. पैसे वाचवण्यापेक्षा मला त्या रात्री विषय संपवायची घाई होती, हे कबूल करतो.

अंतिम दुरुस्ती

यावेळी तीन वस्तू आणल्या, आणि तिन्हीसाठी जुना नमुना हातात धरून: नवा होल्डर, नवा टेललॅम्प, आणि दोन बल्ब, एक लावायला आणि एक कप्प्यात ठेवायला. होल्डर मूळ कनेक्टरमध्ये बसणारा मिळाला, त्यामुळे वायर कापून जोडायची वेळ आली नाही. तशी वेळ आली असती तर मी ते काम इलेक्ट्रिशियनला द्यायला सांगितलं असतं. पिळून टेप गुंडाळलेला जोड डिकीच्या ओलीत टिकत नाही.

टेललॅम्प बदलावा की चिकटपट्टीवर भागवावं, यावर थोडी चर्चा झाली. ताईंचं म्हणणं, पाणी थेंबभरच जात असेल. हिरवी पट्टी दाखवल्यावर चर्चा संपली. शिवाय लाल भिंगाचा तुकडा उडाला की तिथून पांढरा उजेड बाहेर येतो आणि मागच्या माणसाचा गोंधळ होतो.

नवा दिवा रिकामा आला होता, म्हणून इंडिकेटर आणि रिव्हर्सचे बल्ब जुन्यातून काढून त्यात घातले. मागची फोमची पट्टी सगळीकडून सपाट बसली आहे का, हे बोट फिरवून पाहिलं. जुन्या दिव्याची पट्टी एका बाजूला चुरगळलेली होती. तिथूनही ओल येत असणार. स्क्रू हातानेच घट्ट केले, कारण जास्त आवळलं तर प्लास्टिकचे कान तडकतात.

बंद करण्याआधी मल्टिमीटरने एक माप घेतलं. ब्रेक दाबलेला असताना होल्डरची अर्थिंग आणि गाडीचा उघडा पत्रा यांच्यामधला व्होल्टेज. हा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगचा नट साफ करायला घ्यावा. इथे ०.०६ आला. मीटर नसता तरी काम अडलं नसतं, पण आता अंदाजावर सोडायची माझी तयारी नव्हती.

मग तपासणी, आणि यावेळी चारही अवस्थांची. सगळं बंद: मागे काहीच पेटता कामा नये. फक्त पार्किंग: दोन्हीकडे मंद, वरचा मधला दिवा बंद. फक्त ब्रेक: तिन्ही लख्ख, पण नंबरप्लेटचा दिवा आणि पुढचे पार्किंग बंदच. दोन्ही एकदम: ब्रेक दाबता-सोडताना मंद आणि लख्ख यांतला फरक ठळक दिसायला हवा. त्यानंतर इंडिकेटर आणि रिव्हर्स. मुलगा पेडलवर, ताई वही घेऊन मागे, मी पुढे. माणूस नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून हेच करता येतं, किंवा मोबाइल मागे उभा करून चित्रण करता येतं.

ताईंनी पाचवी तपासणी स्वतःहून जोडली. रेडिओ लावून ब्रेक दाबला. पडदा होता तसाच राहिला. वहीतल्या त्या जुन्या नोंदीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

निष्पत्ती

यानंतर चार महिने झाले. दिव्यात वाफ धरलेली नाही, आणि महिन्याभराने होल्डर काढून पाहिला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. एकूण वेळ मोजला तर पहिल्या दुरुस्तीला वीस मिनिटं, माझ्या घासकामाला अर्धा तास, शेवटच्या कामाला तपासणीसकट सव्वा तास.

हे सगळं ज्या गाडीत बल्ब स्वतंत्रपणे निघतो तिलाच लागू आहे. ज्यांच्या टेललॅम्पमध्ये एलईडी कायमचे बसवलेले असतात तिथे बहुधा पूर्ण दिवाच बदलावा लागतो. आणि ज्या गाड्यांत दिव्यांवर संगणक नजर ठेवतो, तिथे चुकीचा बल्ब घातला तर मीटरवर इशारा येण्याची शक्यता असते. तो आला तर उपकार मानावेत. ताईंच्या गाडीत रेडिओशिवाय इशारा देणारं कुणी नव्हतं.

एक वाद शिल्लक आहे. उजवा बल्बही अकरा वर्षांचाच, डाव्याइतकाच पेटलेला आणि विझलेला. तो आताच बदलावा असं माझं मत. "लागतोय ना? मग कशाला हात लावायचा," असं ताईंचं. मी म्हटलं, हेच वाक्य मागच्या वेळी मुलगा बोलला होता. त्यावर त्यांनी कप्प्यातून जादा बल्ब काढून दाखवला, बुडाशी दोन ठिपके आहेत ना ते उजेडात धरून पाहिलं, आणि परत ठेवून दिला.